उभ्या गाडीचा विमा

मार्लिसनं दुसऱ्यांदा कॉफी विचारली नाही, तेव्हाच ऑरिनला कळायला हवं होतं. हॅल्वर गावात कुणाच्याही दारात गेलं तरी कॉफीचा रिवाज ठरलेला. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की 'कशाला उगाच त्रास' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप' म्हणून काठोकाठ भरलेला कप हातात घ्यायचा. मार्लिस हौगी ऑरिनच्या वर्गात शिकलेली, गावातल्या निम्म्या गाड्यांचा विमा तिच्याच हातचा; रिवाज मोडणारी बाई ती नव्हे. पण आज त्याच्या पहिल्या 'नको'वर ती गप्प बसली. चष्मा कपाळावर सरकवून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिली.

ऑरिन ट्वेट मात्र खुशीत होता. मार्च संपत आला होता. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून खचायला लागला होता, आणि ठेकेदाराचा फोन आला होता की पंधरा दिवसांत माणसं लागतील. ऑरिनची सगळी उमर डांबरावर रोलर फिरवण्यात गेलेली. डकोटात एकदा जमीन गोठली की डांबराचं काम बंद. नोव्हेंबरात माणसं घरी, एप्रिलात पुन्हा हजर. तेव्हा शेडमधली पिकअप काढायची, बॅटरी जोडायची आणि बंद केलेला विमा चालू करून घ्यायचा, एवढ्याच कामासाठी तो चालत चालत मार्लिसच्या ऑफिसात आला होता.

"हा तू बंद करायला कुणाला सांगितलंस?" मार्लिसनं विचारलं.

तुझ्याच ऑफिसातल्या त्या नव्या पोरीला, ऑरिन म्हणाला. नोव्हेंबरात त्यानं फोन केला तेव्हा मार्लिस गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होती. आणि यात नवीन ते काय? थंडी आली की इथं सगळेच बोटीचा, मोटरसायकलचा, उन्हाळी गाडीचा विमा काढून टाकतात. शेडमध्ये ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीचे पैसे कशाला भरायचे? त्यात ऑरिनचा परवाना फक्त कामावर जाण्यायेण्यापुरता. काम नाही म्हणजे गाडी चालवायची परवानगीच नाही. परवानगी नाही तर विमा कशाला? हिशेब इतका सरळ होता की तो मांडताना त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

"त्या पोरीनं तुला विचारलं होतं का, की याला राज्याचं हमीपत्र जोडलंय, तरी बंद करू का म्हणून?"

विचारलं होतं. ऑरिनला ते चांगलं आठवत होतं, कारण तेव्हा त्यानं तिला एक विनोद ऐकवला होता. 'गाडी हलणार नाही, बाई. मग विमा कुणाचा उतरवू, शेडमधल्या उंदरांचा?' ती पोरगी हसली होती. मग तोच विनोद त्यानं कॅफेत दोनतीनदा सांगितला होता, आणि तिथंही तो चालला होता.

मार्लिसनं चष्मा खाली ओढला. "ऑरिन, तो विमा गाडीचा नव्हता रे. तुझा होता."

मग तिनं त्याला सावकाश समजावलं. दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेल्या माणसाला राज्य असा अर्धामुर्धा परवाना देतं तेव्हा विमा कंपनीकडून हमी घेतं, की या माणसाचा विमा वर्षभर एक दिवसही तुटणार नाही. गाडी शेडमध्ये असो, विकलेली असो, नदीत बुडालेली असो. विमा तुटला की कंपनीनं राज्याला कळवायचं, हा कायदाच. कंपनीनं कळवलं. राज्यानं परवाना रद्द केला. आता पुन्हा अर्ज, पुन्हा हमी, आणि वर्ष पहिल्या दिवसापासून.

"पण माझं मे महिन्यात संपतंय," ऑरिन म्हणाला. "दीड महिना राहिलाय."

"संपत होतं."

डिसेंबरात राज्याचा कागद आला होता खरा. 'आपला मर्यादित परवाना अमलात नाही' असं त्यात लिहिलेलं ऑरिननं वाचलंही होतं. बरोबरच आहे, त्याला वाटलं होतं, हिवाळ्यात काम कुठाय, परवाना अमलात असेलच कसा? राज्यालाही एवढी अक्कल आहे हे बघून त्याला बरं वाटलं होतं. हे त्यानं मार्लिसला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. मागची तारीख घालून काही करता येईल का, असं त्यानं विचारलं. विचारतानाच त्याला लाज वाटली. तिनं नुसती नकाराची मान हलवली.

"मी त्या दिवशी इथं असते ना..." ती म्हणाली आणि थांबली. मग उठून तिनं न विचारताच कॉफीचा कप त्याच्यापुढे ठेवला. ऑरिननं तो घेतला आणि न पिताच हातात धरून बसला.

पैशाचं त्याला दुःख नव्हतं. कामावर जाण्याचंही नव्हतं. ठेकेदाराची गाडी माणसं गोळा करत फिरते, तीत कोंबून घेतलं असतं कुणीही. दुःख होतं ते ब्रिटाचं. ब्रिटा ही त्याची नात. मे महिन्यात तिला चौदावं पूर्ण होत होतं, आणि डकोटात चौदाव्या वर्षी पोरांना शिकाऊ परवाना मिळतो. वर्षभर शेजारी पक्क्या परवान्याचा मोठा माणूस बसवून गाडी चालवायची, मग पुढचं. ब्रिटाच्या शेजारी ऑरिन बसणार, असं ठरलं होतं. तिच्या आईला, जनेलला, त्यानंच शिकवलं होतं. पूर्वेकडच्या खडीच्या रस्त्यांवर, सूर्यफुलांच्या शेतांमधून, क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उड्या मारत असताना. त्या उन्हाळ्यात बापलेकींचं जेवढं बोलणं झालं तेवढं नंतर कधी झालं नाही.

ठरलं होतं म्हणजे जनेलनं एक अट घातली होती आणि ऑरिननं ती मान खाली घालून कबूल केली होती. तिला तसं कारणही होतं. दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबरात, कामाचा शेवटचा दिवस होता. यंत्रं धुऊन झाली, मुकादमानं बिअरचे खोके उघडले, आणि कुणीतरी बाटलीही काढली. ब्रिटाला शाळेतून आणायची पाळी ऑरिनची होती. तो गेला, वेळेवर गेला, हे तो पुढे बरेच दिवस सांगत असे. शाळेच्या फाटकापाशी वळताना पिकअप नाल्यात उतरली आणि नाक खाली करून थांबली. घंटा नुकतीच झाली होती. सगळी शाळा बाहेर होती. ब्रिटा शाळेच्या बँडमधल्या ट्रॉम्बोनची पेटी घेऊन पायऱ्यांवर उभी होती आणि तिच्यादेखत पोलिसानं आजोबाला रेघेवरून चालायला लावलं. तिसऱ्या पावलाला तो घसरला, तेव्हा पोरं हसली. ब्रिटा हसली नाही, रडलीही नाही. पेटी उचलून ती एकटी चालत घरी गेली, आणि त्या दिवसाबद्दल आजतागायत एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून ऑरिननं थेंब घेतला नव्हता. तो सगळा हिवाळा त्यानं परवान्याविना पायी काढला. मे महिन्यात अर्धा परवाना मिळाला, तोही गाडीला श्वास तपासायचं यंत्र बसवून. नळीत फुंकल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही, आणि प्रत्येक फुंकीची नोंद यंत्रात व्हायची. कामावरच्या लोकांनी त्या यंत्राचं नाव फुंकणी ठेवलं. 'ऑरिन, चूल पेटली का रे?' असं रोज सकाळी कुणीतरी ओरडायचं. तो फुंकायचा, गाडी सुरू व्हायची, आणि मनातल्या मनात तो जनेलला म्हणायचा, बघ. जनेलची अट साधी होती. राज्यानं पुरा परवाना परत दिला की ब्रिटा तुझ्या शेजारी बसेल. त्याआधी नाही.

रविवारी दुपारी तो जनेलकडे जेवायला गेला. तिचा नवरा पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर कामाला, महिन्याकाठी चार दिवस घरी. ती स्वतः गावच्या दवाखान्यात नर्स. टेबलावर बटाट्याचं आणि खिम्याचं वाफाळतं भांडं होतं, आणि ब्रिटा ताटाशेजारी रस्त्याच्या नियमांचं पुस्तक उघडून बसली होती.

"आजोबा, समोरून ट्रॅक्टर आला, मागे दिवे लावून अँब्युलन्स आली, तर तू काय करशील?"

"उजवीकडे घेईन आणि थांबेन."

"आणि ट्रॅक्टरवाल्यानं हात केला तर?"

"तर मीही करीन. न करून सांगतो कुणाला, तो माझा चुलतभाऊच असणार."

ब्रिटा खुदकन हसली. तिचं हसणं ऐकून ऑरिनला वाटलं, आज नको. पुढच्या रविवारी सांगू. पण पुढच्या रविवारी ती आणखी दहा पानं पुढे गेलेली असणार, हेही त्याला कळत होतं. त्यानं काटा ताटात ठेवला आणि सांगून टाकलं. परवाना गेला, वर्ष पुन्हा सुरू झालं, मे महिन्यात काही होणार नाही.

जनेलचा हात जागच्या जागी थांबला. तिनं आधी ब्रिटाकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "पुन्हा प्यायलास?"

ऑरिननं नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं; शेड, नोव्हेंबर, ती नवी पोरगी, राज्याचं हमीपत्र. विनोद तेवढा सांगितला नाही. सांगता सांगता त्याच्याच कानांना ते कसं वाटतंय हे त्याला ऐकू येत होतं. गाडी बंद होती म्हणून विमा बंद केला आणि विमा बंद केला म्हणून परवाना गेला. यापेक्षा प्यायलो म्हटलं असतं तर कुणालाही पटलं असतं.

"मार्लिसला विचार," तो म्हणाला. "आत्ता फोन कर."

"मार्लिस विम्याचं सांगेल, बाबा. दारूचं ती काय सांगणार?"

"फुंकणीत सगळं उतरतं. रोजच्या रोज..." फुंकणी पिकअपला होती. पिकअप शेडमध्ये होती. बॅटरी त्यानं स्वतःच्या हातानं काढून तळघरात ठेवली होती, थंडीत मरू नये म्हणून. त्याच्या बाजूनं साक्ष देऊ शकेल अशी एकच गोष्ट सबंध जगात होती, आणि तिची वायर त्यानंच सोडवली होती. अख्खा हिवाळा तो कोरडा होता. टीव्हीसमोर एकटा बसून, कॅफेत कॉफी ढोसून, ख्रिसमसला सरबत पिऊन कोरडा होता, आणि यातलं कुठंच काही उतरलेलं नव्हतं.

जनेलचे डोळे भरून आले. तिला त्याचा राग आला असता तर ऑरिनला सोसलं असतं. "मी तुला खोटारडा म्हणत नाहीये," ती म्हणाली. "खरं बोलत असशील. मला माहीत नाही, एवढंच. लहानपणी तू दर वेळी खरं बोलतोयस असंच वाटायचं मला."

जनेलच्या आईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लवॉननं, शेवटी ॲरिझोनाची वाट धरली, जिथं हिवाळाही नाही आणि ऑरिनही नाही. पण जाईपर्यंत तिनं ऐकलेल्या सगळ्या शपथा भिंतीपलीकडून या पोरीनंही ऐकल्या होत्या. त्याचा शब्द त्यानंच वर्षानुवर्षं खर्चून टाकला होता, आणि नेमका आज तो शब्द खरा होता.

ब्रिटानं पुस्तक मिटलं. "म्हणजे मला कोण शिकवणार?"

"मी शिकवीन," जनेल म्हणाली. "रात्रपाळी नसेल तेव्हा."

"आणि आजोबाचं वर्ष संपेल तेव्हा?"

ऑरिनचं वर्ष संपेल तेव्हा ब्रिटाचंही संपलेलं असणार होतं. शेजारी बसायला तिला कुणीच लागणार नव्हतं. हे तिघांनाही एकदमच कळलं असावं, कारण जनेलनं उठून त्याच्या ताटात न विचारता आणखी वाढलं, आणि त्यानं ते मुकाट्यानं खाल्लं. जाताना ब्रिटानं दारात त्याला मिठी मारली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ मारली, म्हणून त्याला जास्तच लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मार्लिसकडे जाऊन विमा चालू केला, नवा अर्ज भरला. बॅटरी जोडून शेडमध्येच रोज सकाळी फुंकणीत फुंकायला लागला. गाडी कुठंही न्यायची नव्हती. परवाना यायला अजून कैक आठवडे होते. इंजिन थोडा वेळ चालू ठेवून तो बंद करायचा. निदान इथून पुढचं तरी उतरू दे, एवढाच त्याचा विचार होता. शेजारच्या म्हातारीला वाटलं, ऑरिनचं डोकं फिरलं.

कामावर मुकादम लायलनं त्याला घेतलं, पण रोलर दिला नाही. रोलर एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर नेताना वाहत्या रस्त्यावरून न्यावा लागतो, आणि परवाना नसलेला माणूस त्यावर दिसला तर ठेकेदाराचा विमावाला बोंब मारेल, असं त्यानं खाली बघत सांगितलं. "या मोसमापुरतं फलक धर, म्हाताऱ्या. उभं राहायचं काम. पाठीला बरं." पाठीला ते मुळीच बरं नव्हतं. एका काठीला एका बाजूनं लाल 'थांबा' आणि दुसऱ्या बाजूनं नारिंगी 'हळू' लिहिलेला फलक. रस्त्याची एक बाजू चालू, दुसरीवर डांबर पडतंय, दोन टोकांना दोन माणसं, रेडिओवर एकमेकांना सांगून आळीपाळीनं गाड्या सोडायच्या. हे काम सुट्टीत आलेल्या कॉलेजच्या पोरांना देतात. ऑरिननं ते तक्रार न करता धरलं. त्याच्या पायाखालचा तो रस्ता मागे एकदा त्यानंच दाबून बसवलेला होता.

जुलैतली एक दुपार. हवा डांबरासारखीच तापलेली. ऑरिननं 'थांबा' धरला होता आणि त्याच्यापुढे गाड्यांची रांग लागत चालली होती. पहिली आली ती जनेलची निळी गाडी. चालवत होती ब्रिटा.

ती फार लांबूनच वेग कमी करत आली, आणि रेषेच्या बऱ्याच अलीकडे, जपून थांबली. दोन्ही हात चाकावर, मान ताठ. शेजारी जनेल कामाच्या कपड्यांत, डोळे रात्रपाळीनं सुजलेले. मागे एक मोठी पिकअप येऊन अगदी खेटून उभी राहिली.

ऑरिन खिडकीशी गेला. सीट एवढी पुढे नको, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. कोपरं अंगाला चिकटतात, मग वळणावर हात अडकतो. जनेलच्या वेळी पहिल्याच दिवशी त्यानं तिची सीट मागे सरकवली होती. त्यानं ते गिळलं.

"किती वेळ, आजोबा?" ब्रिटानं विचारलं. नजर तिनं रस्त्यावरून काढली नाही.

"समोरून येतायत अजून. पाचेक मिनिटं."

"बरं."

"चांगली थांबलीस," तो म्हणाला.

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जनेलनं पलीकडून बापाकडे पाहिलं. ऑरिन परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. एवढंच अंतर होतं. एक दार उघडून आत बसायचं, इतकंच. उंदरांचा विमा, असं म्हणून तो हसला होता. तो विनोद त्याला आता दिवसातून कितीदा तरी आठवत असे, आणि दर वेळी मार्लिसच्या ऑफिसातल्या त्या पोरीचं हसणंही.

समोरची शेवटची गाडी गेली. रेडिओवर आवाज आला, सोड. ऑरिननं फलक फिरवला आणि मोकळ्या हातानं ब्रिटाला पुढे यायची खूण केली. गाडी एक हिसका देऊन निघाली आणि अगदी सावकाश, नव्या डांबराच्या कडेकडेनं, त्याच्यासमोरून गेली. या भागात सगळेच करतात तशी ब्रिटानं चाकावरची एक तर्जनी तेवढी वर केली. कुणाही अनोळखी माणसाला नमस्कारादाखल करतात तशी, पण तिची ती पहिलीच खूण असावी, कारण ती करताना गाडी जराशी डगमगली.

मागच्या पिकअपवाल्यानं हॉर्न दाबला. गाडी दामटत तो ब्रिटाच्या मागे खेटायला निघाला, तसा ऑरिन रस्त्याच्या मधोमध आला आणि त्यानं फलक पुन्हा 'थांबा'वर फिरवला. पिकअप करकचून थांबली. माणसानं काच खाली करून शिव्या घातल्या. मागची रांग हॉर्न वाजवायला लागली. रेडिओवर लायल विचारत होता की एकच गाडी आली, बाकीच्यांना का अडवलंस?

"एक मिनिट," ऑरिन रेडिओत म्हणाला.

तो जागचा हलला नाही. निळी गाडी सरळ पट्ट्यावरून हळूहळू लहान होत चालली होती, मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं, सगळा रस्ता तिचा होता. चढावर जाऊन ती पलीकडे उतरली आणि दिसेनाशी झाली. मग ऑरिननं फलक फिरवला.